मोजणी

बढतीचं पत्र आलं तेव्हा मी ज्वारी मोजत होतो.
चौथा दिवस, पहिली मोजणी,
ओल्या कागदाची सुरळी टेबलावर उलगडलेली.
शिपाई म्हणाला, पेढे काढा साहेब.
मी म्हणालो थांब, एक्क्याऐंशीवर आलोय.

आता वरच्या मजल्यावर बसतो.
टेबलाला काच आहे, काचेखाली
आधीच्या माणसाच्या मुलीचा पासपोर्ट फोटो,
तो न्यायला विसरला, मी काढत नाही.
दोन फोन. परतूरचा दुकानदार, सेलूचा दुकानदार,
मानवतचा तर आधी हसतो, मग शिवी देतो.
गाडी आली नाही. गाडी आली पण दुसऱ्याच वाणाची.
सोमवारी टार्गेट,
गुरुवारी टार्गेटचं काय झालं.
मला बोलता येत नाही असं नाही.
बोलून झाल्यावर हाताला काही लागत नाही, एवढंच.

दुपारी तीनच्या सुमाराला छातीत
कुणीतरी सुरळी गुंडाळायला घेतं.
ॲसिडिटी असेल म्हणून गोळ्या खाल्ल्या.
पहाटे मोतीबागेला जा म्हणाले, गेलो.
सात फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत परतूर.
मेहुणा म्हणाला, पगार वाढला ना? मग दुखतं काय?
त्याचंही बरोबर आहे.
वाढलेल्या पगारात दोन दारांचा फ्रिज आला.
रात्री पाणी प्यायला उघडतो
आणि त्या उजेडात उगाच उभा राहतो.
खालचं उगवणीचं कपाट उघडलं की
असाच उजेड पडायचा अंगावर,
फक्त आत काहीतरी वाढत असायचं.

माझ्या जागी आलाय प्रणव दत्तापूरकर.
एम.एस्सी. झालेलं पोरगं, मोजणीनं पार विटलेलं.
सर, शंभर, शंभर, शंभर, लई येड लागायची पाळी आली, म्हणतो.
त्याला माणसं लागतात. जिन्यात उभं राहून
कुणाला तरी मित्राची जुनी मोटारसायकल विकत असतो,
आणि विकतो.
चहाच्या गाड्यावर आम्ही एकमेकांकडे बघतो,
लग्नाच्या मांडवातून
एकमेकांच्या चपला घालून निघालेल्या माणसांसारखे.
अदलाबदलीचं साहेबांना विचारून झालं.
ते म्हणाले, "वर गेलेला माणूस खाली येतो का, कुलथे?"

परवा जेवणाच्या सुट्टीत आलो खाली.
नसीमा आपा मुगाच्या शेवटच्या मोजणीला बसल्या होत्या.
तेवीस वर्षं तीच खुर्ची, तोच चिमटा.
आपा, तुम्हाला कंटाळा येत नाही?
"येतो ना. मंगळवारी येतो."
मग काय करता?
"काय करणार भाई. मोजते. बुधवार येतो."

मग त्यांनी प्रणवचा कागद माझ्याकडे सरकवला.
मुगाचे सात दाणे आठ दिवस पाण्यात राहून
जसे ठेवले तसेच. फुगले नाहीत, कुजले नाहीत,
हिरवेगार, टणक,
पाणी नावाचं काही असतं हे
त्यांच्या कानावरच गेलं नसावं.
प्रणवनं ते मेलेल्यांत धरले होते.
आपांनी पेन्सिलीनं खोडलं.
"मेले कुठं? कठीण बी आहे हे. याचा रकाना वेगळा."
मला हे ठाऊक होतं. मीच शिकवलंय कितीकांना.
तरी त्या रकान्यातल्या सातावर
माझं बोट बराच वेळ राहिलं.

तेव्हापासून मंगळवारी आणि गुरुवारी
एक ते दीड मी खाली असतो आणि प्रणव वर.
हे कुठल्या कागदावर नाही.
आपांना माहीत आहे, शिपायाला माहीत आहे,
शिपायाला पेढे दिलेत, उशिरा का होईना.

परत वर येतो तेव्हा खुर्ची गरम असते,
पॅडवर प्रणवच्या गिचमिड अक्षरात
सेलूच्या दोनशे पिशव्या,
शेजारी मोटारसायकलचं चित्र.
काल मानवतवाला म्हणाला, तुम्ही राहू द्या हो,
ते पोरगं कुठंय, त्याला द्या फोन.
वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलंच.

तीन वाजता सुरळी गुंडाळली जाते, अजूनही.
पण नखात ओल्या कागदाचा एखादा धागा असतो,
तो अंगठ्यानं चाचपत
मी परतूरला म्हणतो,
हां, बोला.